आर. सी. विली (युटा): रविवारी कुलूप, तरी शेजारच्या राज्यांत शाखा कशा चालल्या?

मध्यमार्गी
अमेरिकेतल्या प्रादेशिक फर्निचर साखळ्यांबद्दल वाचतोय. आर. सी. विलीची दुकानं रविवारी बंद असतात. युटात मॉर्मन (रविवार विश्रांतीचा पाळणारा ख्रिस्ती पंथ) लोक जास्त, तिथे ते खपलं असेल. पण आयडाहो, नेव्हाडात? आणि देशभर पसरलेली लेविट्झ बुडाली, ही मात्र टिकली, ते कसं?

खातेवही
सुरुवात फर्निचरची नाहीच. रूफस कॉल विली यांनी १९३२ साली युटातल्या सिरॅक्यूज या शेतकरी गावातून (न्यूयॉर्कमधलं ते वेगळं) विजेवरची उपकरणं ट्रकमधून दारोदार विकायला सुरुवात केली. पहिलं दुकान १९५० चं, घराला लागून, जेमतेम ६०० चौरस फूट. १९५४ मध्ये धंदा जावई बिल चाइल्ड यांच्याकडे आला तेव्हा वर्षाची विक्री होती सुमारे अडीच लाख डॉलर. फर्निचर त्यानंतर. १९९५ मध्ये वॉरन बफे यांच्या बर्कशर हॅथवे या गुंतवणूक कंपनीने ती घेतली, त्या वर्षीची विक्री २५.७ कोटी डॉलर, आणि युटातल्या फर्निचरच्या धंद्यातला निम्म्याहून जास्त वाटा एकट्या विलीचा.

घाऊक
लेविट्झचं उत्तर आकड्यांत आहे. तुलना विलीशी नाही, ओमाहाच्या नेब्रास्का फर्निचर मार्टशी (तेही बर्कशरचंच दुकान), पण धडा तोच. बफे यांनी बर्कशरच्या भागधारकांना लिहिलेल्या १९८४ च्या पत्रात मांडलंय: लेविट्झचा ढोबळ नफा ४४.४ टक्के, म्हणजे ५५.६० डॉलरचा माल १०० ला. त्यातले ३५.६ पगार, जागा, जाहिराती यांत जायचे. मार्टचा हाच खर्च १६.५ टक्के, आणि ढोबळ नफा लेविट्झच्या निम्म्याहून थोडाच जास्त. तो २३ टक्के धरला तर तेवढाच माल मार्ट ७२ डॉलरला विकू शकतं.

आता मंदी आणा. विक्री १०० ची ९० झाली, पण भाडं आणि पगार काही कमी होत नाहीत. लेविट्झचा ढोबळ नफा साधारण ४० वर येतो, त्यातून ३५.६ वजा, उरले ४.४. आधी ८.८ होते. विक्री दहा टक्क्यांनी घटली आणि नफा निम्मा! त्यात १९८५ मध्ये कंपनी कर्ज काढून विकत घेतली गेली होती, ते व्याज वेगळंच. १९९७, २००५ आणि २००७ अशी तीनदा दिवाळखोरी, शेवटच्या वेळी दुकानंच बंद.

खातेवही
रविवारबद्दल: युटाबाहेर हे चालेल यावर बफे यांचाही विश्वास नव्हता. मग चाइल्ड यांनी आयडाहोतल्या बॉइसी शहरासाठी स्वतःच प्रस्ताव दिला: जमीन आणि इमारतीचे अंदाजे ९० लाख डॉलर मी घालतो. चाललं तर बर्कशरने मूळ खर्चात घ्यावं, नाही चाललं तर तोटा माझा. ऑगस्ट १९९९ मध्ये दुकान उघडलं आणि जोरात चाललं. चाइल्ड यांनी ते खरोखरच मूळ खर्चात दिलं, दोन वर्षं अडकलेल्या पैशांवर व्याजही घेतलं नाही. असा व्यवहार कंपन्यांच्या दुनियेत विरळाच. पुढे लास वेगासजवळच्या हेंडरसनमध्येही गेले, रविवारची सुट्टी तशीच ठेवून.

मध्यमार्गी
म्हणजे रविवारचं काहीच नुकसान नाही?

घाऊक
आहे ना. सात दिवसांची विक्री सहा दिवसांत काढायची तर रोज सुमारे १६.७ टक्के जास्त विक्री हवी. फर्निचरला ते जमतं, कारण सोफा लोक आठवडेच्या आठवडे बघून घेतात, म्हणून रविवारचं गिऱ्हाईक शनिवारी येऊ शकतं. फक्त शनिवारी गर्दी वाढते, तेव्हा विक्रेते आणि पार्किंग त्या दिवसाच्या हिशेबाने लागतात, नाहीतर तेच गिऱ्हाईक रविवारी उघड्या असलेल्या दुकानात जातं. शिवाय भाव इतका उतरलेला हवा की एक दिवस थांबणं लोकांना परवडेल. किराणा किंवा दुधाच्या दुकानाला मात्र हा हिशेब लावू नका, तिथली चुकलेली खरेदी दुसऱ्या दिवशी परत येत नाही.