फंक्शनल ॲनालिसिसचा पहिला कोर्स लांबून शिकता येतो का?

रत्नागिरीकर मास्तर:
एमएस्सीला हा विषय, म्हणजे अनंत डायमेन्शनच्या स्पेसचं गणित, शिकवतो. समोर अकरा जण, आणि गुहागर, देवगड, वेंगुर्ल्याहून ऑनलाइन सात. दोन वर्षं करून बघितलं, आता स्पष्ट सांगतो, हा कोर्स तरी वर्गातच व्हावा. कारण इथे मुलांच्या डोक्यात पक्कं बसलेलं मोडावं लागतं. क्लोज्ड आणि बाउंडेड सेट म्हणजे कॉम्पॅक्ट, म्हणजे त्यातल्या कुठल्याही सिक्वेन्सची एखादी सबसिक्वेन्स त्यातच कन्व्हर्ज होणार, हे बीएस्सीपासून मुरलेलं असतं. मग एल-टू मध्ये, म्हणजे वर्गांची बेरीज सांत असलेल्या अनंत सिक्वेन्सच्या स्पेसमध्ये, एका जागी १ आणि बाकी सगळीकडे ० असे वेक्टर घ्यायचे, सगळे युनिट बॉलमध्येच, पण कुठल्याही दोघांतलं अंतर रूट २, म्हणजे कन्व्हर्ज होणारी सबसिक्वेन्स मिळणारच नाही. हे सांगताना समोरच्याचा चेहरा पडला की मी थांबतो, परत आकृती काढतो. म्यूट केलेल्या सात चौकोनांकडे बघून कुठे थांबू?

गुहागरची:
सर, अजिबात पटलं नाही. मी त्या लांबच्यांतलीच. दिवसा शाळेवर असते, आणि तुमच्याकडे यायचं म्हणजे तवसाळहून फेरीबोटीनं जयगड, तिथून पुढे एसटी. रोज कोण करणार? हान-बनाखचं, म्हणजे सबस्पेसवरचं फंक्शनल (व्हेक्टरला संख्या देणारं लिनियर फंक्शन) नॉर्म न वाढवता पूर्ण स्पेसवर नेता येतं या थिअरमचं, प्रूफ मला रेकॉर्डिंगमुळेच कळलं. एकेक पाऊल वाढवत पूर्ण स्पेसपर्यंत पोचवणारं झॉर्नचं लेमा सगळे लक्षात ठेवतात पण खरी मेख त्याआधी आहे, फंक्शनल एकाच डायमेन्शननं वाढवताना नवीन व्हेक्टरवरची किंमत कुठून आणायची, तर एका बाजूचं सुप्रिमम दुसऱ्या बाजूच्या इन्फिममपेक्षा मोठं नाही म्हणून मधे जागा मिळते. तीनदा मागे नेऊन बघितलं तेव्हा उजेड पडला. वर्गात असते तर फळा उतरवत बसले असते.

मालवणी माणूस:
खरा सांगूचा तर दोघांचाही अर्धा बरोबर. लेक्चर रेकॉर्ड कराच, जुलैत आमच्याकडे लाइट गेली की टॉवरपण जातो, लाइव्हवरच सगळं ठेवलं तर आमचा आठवडा बुडाला. पण गणितं सोडवायचा तास लाइव्हच हवा, तिघातिघांचे गट करून, आणि प्रत्येकानं प्रूफ तोंडानं सांगायचं. या विषयाचा पाया घालणारा पोलिश गणितज्ञ बनाख आणि मंडळी ल्वुव शहरातल्या कॅफेत टेबलावर बसून भांडायची, १९३५ पासून एका जाड वहीत प्रश्न लिहून ठेवायची. बोलल्याशिवाय हा विषय येत नाही.

रत्नागिरीकर मास्तर:
गुहागरच्या बाई, हान-बनाखचं मान्य, ते प्रूफ सावकाश वाचायचंच आहे. पण ओपन मॅपिंग थिअरम घ्या, कम्प्लीट स्पेसमधला बाउंडेड लिनियर मॅप सर्जेक्टिव्ह असेल तर ओपन सेट ओपन सेटवरच नेतो. बेअर कॅटेगरी थिअरम (कम्प्लीट स्पेस मोजता येतील इतक्या नोव्हेअर डेन्स सेटांनी भरत नाही) कुठे लागतं आणि कम्प्लीटनेस, म्हणजे प्रत्येक कोशी सिक्वेन्स कन्व्हर्ज होणं, काढला तर नेमकं काय कोसळतं, हे सगळ्यांनी लिहून दिलं, तेही अगदी एकसारखं, आणि फोनवर तोंडी विचारलं तर सातांपैकी दोघांनाच सांगता आलं. पाच जण दोन महिने हरवलेले होते आणि मला पत्ता नाही. हे माझ्या मनाला लागलंय.

गुहागरची:
त्या पाचांत मी होते सर. पण वर्गातल्या अकरांना तोंडी विचारलंत का? आम्हाला दोन महिन्यांत एकदाही नाव घेऊन प्रश्न आला नव्हता, "ऑनलाइनवाल्यांना काही शंका?" एवढंच, तेही तास संपताना. दर तासाला दोघांना नावानं विचारा. पुढच्या सोमवारी युनिफॉर्म बाउंडेडनेसचं थिअरम आहे ना, पहिला प्रश्न मला टाका, माइक चालू ठेवते.