डाउनलोड केलेली अहिराणी गाणी करडी पडलीत, वाजतच नाहीत, काय करू?

पारोळेकर_भो:
भो, जरा सांगा कोणीतरी. आमच्या खान्देशातल्या कानबाई देवीच्या जागरणासाठी अॅपवर अहिराणी गाण्यांची प्लेलिस्ट करून ठेवली होती, डाउनलोडसकट, कारण आमच्या मळ्यातल्या घरी रेंजचा पत्ता नसतो. काल सहज लावून बघितली तर निम्मी गाणी करडी, नाव दिसतं पण कितीही दाबा, ढिम्म. प्रीमियमचे पैसे मात्र बरोबर कटतात दर महिन्याला. गाणं माझ्या मोबाईलमध्ये आहे ना, मग परस्पर काढतं कोण? रविवारी स्थापना आहे, घरात रोटांची गडबड चालू आणि काकू सारखी विचारतेय गाण्यांचं काय झालं.

तापीकाठ:
फाइल तुझ्या मोबाईलमध्ये आहे पण कुलूप लावलेली, आणि किल्ली अॅपवाल्याकडे. स्पॉटिफायचंच बघ, 30 दिवसांत एकदा तरी नेटवर यावं लागतं नाहीतर डाउनलोड बंद पडतात. नेटवर आलं की अॅप बघतं कोणत्या गाण्याचं लायसन्स अजून चालू आहे, ज्याचं संपलं ते गेलं. हे मोठ्या म्युझिक कंपन्यांचं पण होतं. मार्च 2023 मध्ये झी म्युझिकची गाणी स्पॉटिफायवरून गेली होती कारण करार जमला नाही. सारेगामाची 2019 मध्ये गेली ती 2020 मध्ये सौदा झाल्यावर परत आली. पैसे कटतात ते ऐकायचे, गाणं विकत घेतल्याचे नाही, आणि हे जाहिरातीत कोणी मोठ्या अक्षरात लिहीत नाही.

अहिराणी_ट्रॅक:
तापीकाठ दादा बरोबर बोलले पण अहिराणीचं गणित जरा वेगळं आहे, मी स्वतः गाणी चढवतो म्हणून सांगतो. आपल्याकडे कुठली मोठी कंपनी, गायक किंवा निर्माता एखाद्या डिस्ट्रिब्युटरकडे वर्षाचे पैसे भरतो आणि तो एका झटक्यात सगळ्या अॅपवर गाणं टाकतो. पुढच्या वर्षी पैसे भरले नाहीत तर बऱ्याच ठिकाणी गाणं सगळीकडून एकदम उतरतं. आणि का भरेल तो, यूट्यूबवर लग्नसराईत लाखोंनी व्ह्यूज आणि ऑडिओ अॅपवर चहापाण्याचे पण निघत नाहीत. दुसरं म्हणजे चाल कुठल्यातरी हिंदी गाण्याची उचललेली असते, तिकडून क्लेम आला की विषय संपला.
पण तू आधी सर्च मार. निर्माता डिस्ट्रिब्युटर बदलतो तेव्हा जुनं उतरवून तेच गाणं परत चढवतो. प्रत्येक रेकॉर्डिंगला आयएसआरसी नावाचा नंबर असतो, तोच जुना नंबर दिला तर अॅपला जोडता येतं, पण आपली मंडळी घाईत नवा नंबर घेतात मग अॅपच्या हिशोबाने ते नवीनच गाणं, तुझ्या लिस्टमधलं करडं ते करडंच राहतं.

केळीबाग_रावेर:
नाव तरी दिसतंय तुला, नशीब समज. यूट्यूबच्या प्लेलिस्टमध्ये व्हिडिओ उडाला की नुसतं डिलीटेड व्हिडिओ लिहिलेलं राहतं, कोणतं गाणं होतं ते आठवत बसा. आत्ताच स्क्रीनशॉट काढून ठेव, काही अॅप तर न वाजणारी गाणी लपवूनच टाकतात, ती दाखवायचा पर्याय सेटिंगमध्ये शोधावा लागतो.

जळगावची_ताई:
अरे पण कानबाईची गाणी तर पिढ्यानपिढ्या चालत आलेली, त्या शब्दांवर कोणाचा हक्क? हक्क असतो तो कंपनीने केलेल्या रेकॉर्डिंगचा, आपल्या कायद्यात 60 वर्षं. घरच्या बायकांनी म्हटलं तर कोण अडवतं. काकूलाच बसव की माइकसमोर, मोबाईलवर रेकॉर्ड कर आणि ठेव. आमच्याकडे रात्रभर त्याच म्हणतात, स्पीकर नुसता मांडवाच्या शोभेला.

पारोळेकर_भो:
ताई, काकूचा घसा बसलाय नाहीतर तिने मला विचारलंच नसतं 😄 सर्च मारलं, काही सापडली भो, कानबाईच्या जागी कानुमाता लिहून परत चढवलीत. पण दोन जुनी, काकूच्या आवडीची, कुठेच नाहीत.

अहिराणी_ट्रॅक:
त्या गायकाचं यूट्यूब चॅनल उघड, खाली कार्यक्रमाच्या बुकिंगचा नंबर असतो. सरळ फोन लाव आणि फाइल विकत मागा, बरेच जण खुशीने देतात. एमपीथ्री घे, पेनड्राइव्हवर टाक आणि मळ्यात जायच्या आधी स्पीकरला लावून बघ, काही स्पीकर मोठा पेनड्राइव्ह वाचत नाहीत.