भांड्याची झिलई, घोटाई की लेप?

प्रश्न : जुन्या मातीच्या भांड्यांच्या नोंदी मराठीत करतोय. आकारांना शब्द भरपूर आहेत : रांजण, सुगड, बोळकं, परळ. अडतं ते पृष्ठभागापाशी. कुणी ‘झिलई’ लिहितं, कुणी ‘चकाकी’, कुणी ‘मुलामा’. कुठला शब्द कुठे वापरावा? आणि लोणच्याच्या बरणीला चिनीमातीची म्हणणं बरोबर आहे का?

प्रतिसाद : ‘मुलामा’ सोन्याचांदीचा, तो इथे नकोच. ‘चकाकी’ हा नुसता गुण झाला, ती कशामुळे आली ते त्यातून कळत नाही. कामाचे शब्द तीन.

लेप म्हणजे भाजण्याआधी दिलेला पातळ कालवलेल्या मातीचा हात. लाल माठाला कावेचा देतात तो. भट्टीतून निघाल्यावरही तो मातीच असतो, पाणी शोषतो. माठ पाझरतो म्हणूनच पाणी गार राहतं, तेव्हा माठाच्या नोंदीत झिलई शब्द दिसला की समजावं, काहीतरी चुकलंय.

घोटाई वेगळी. भांडं अर्धवट सुकलं की गुळगुळीत गोट्याने घासायचं. मातीचे कण दबून सपाट बसतात आणि अंग चमकतं. वरून काही चढवलेलं नसतं.

झिलई म्हणजे काच. वाळूतली सिलिका आणि तिला वितळवणारे क्षार भट्टीत एकजीव होऊन भांड्याला चिकटतात. गंगेच्या खोऱ्यात सापडणाऱ्या काळ्या कुळकुळीत प्राचीन भांड्यांना सर्रास ‘झिलईदार’ म्हटलं जातं, पण त्यांच्यावर काचेचा थर नाही. माझं ठाम मत आहे की हा शब्द काचेपुरताच राखावा.

ओळखायचं असेल तर जिथे टवका उडालाय ती कड भिंगाखाली धरा. झिलई असेल तर काचेची चमकती किनार मातीपासून वेगळी दिसते. लेपाची रेघ रंगाने निराळी, पण मंद. नुसत्या घोटाईत वेगळा थरच सापडत नाही.

प्रतिसाद : बरणीबद्दल. बोलताना ‘चिनीमातीची बरणी’ म्हणा, सगळे तेच म्हणतात. नोंदीत मात्र ‘स्टोनवेअर’ लिहा. खरी चिनीमाती, म्हणजे पोर्सेलिन, पांढरी असते आणि पातळ कप उजेडाकडे धरला तर बोटांची सावली दिसते. बरणीचं अंग जाड, करडं किंवा पिवळसर, साधारण १२०० ते १३०० अंश सेल्सिअसला घट्ट भाजलेलं, म्हणून खार मुरवायला उत्तम.

काही जुन्या बरण्यांवर मिठाची झिलई असते. भट्टी ऐन तापात असताना आत मीठ टाकतात, त्याच्या वाफेतला सोडियम मातीतल्या सिलिकेशी मिळून काच बनवतो. हाताला ती संत्र्याच्या सालीसारखी बारीक खडबडीत लागते. तपकिरी बरणी दिसली की आधी बोट फिरवून बघा.

प्रतिसाद : संगमनेरजवळच्या जोर्वे गावावरून नाव पडलेली ताम्रपाषाणयुगीन भांडी पाहा. लाल अंगावर काळी नक्षी, तोटीचे चंबू, कंगोरेदार वाडगे. तिथे ‘लेप’ हाच शब्द. उलट मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत १८७०च्या दशकात जॉर्ज टेरी यांच्या देखरेखीखाली झालेली फुलदाणी असेल तर ‘झिलई’. सिंधी कामाच्या वळणाची आणि अजिंठ्याच्या चित्रांवरून घेतलेली नक्षी त्या झिलईमुळेच उठून दिसते.

प्रश्नकर्ता : मनापासून आभार. आता एकच. झिलईवर केसासारख्या रेघांचं जाळं दिसतं, त्याला ‘तडा’ लिहू का?

प्रतिसाद : नको हो, ‘तडा’ वाचून घेणारा परत जाईल! तडा अंगात जातो, वाजवलं तर भांडं बद्द बोलतं. तुम्ही म्हणता ते फक्त झिलईत असतं. निवताना झिलई मातीपेक्षा जास्त आकसली की ती ताणली जाते आणि चिरते. ‘झिलईला जाळी पडली आहे’ असं लिहा. टवका, तडा आणि जाळी यांची नोंद वेगवेगळी करा, आणि कपाचा कान जोडलेला असेल तर तेही लिहा.