समुद्रफेसाची पूड जबड्याच्या हाडात चालते का?

माकुलवाला, मालवण:
खालची दाढ काढून वर्ष झालं. इम्प्लांटला गेलो तर डॉक्टर म्हणाले, हाड खचलंय, आधी ग्राफ्ट, म्हणजे हाडाची भर घालणारे दाणे, भरू. कुपीतले पांढरे दाणे बघितले नि आमच्या दांड्यावर वाहून येणारा समुद्रफेस आठवला. आजी नखाने खरवडून डबीत ठेवायची, हाताला अगदी तसाच भुसभुशीत. तीच वस्तू का ही?

भट्टीवाली, रत्नागिरी:
नाही भाऊ, पण नजर बरोबर गेली. समुद्रफेस म्हणजे माकूल या समुद्री प्राण्याच्या पाठीतलं कवच, कॅल्शियम कार्बोनेटचं. हाडातलं खनिज कॅल्शियम फॉस्फेट. बंद भांड्यात, फॉस्फेटच्या द्रावणात सुमारे २०० अंशांवर शिजवलं की कार्बोनेटचं हायड्रॉक्सीॲपेटाइट, म्हणजे हाडासारखंच कॅल्शियम फॉस्फेट, होतं, छिद्रं मात्र जागच्या जागी. प्रवाळावर हे १९७४ सालीच करून झालंय.

सगळी गंमत छिद्रांत. साधारण १०० मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या) वर असली नि एकमेकांना जोडलेली असली तर पेशी, रक्तवाहिन्या आत शिरतात. पण पोकळी वाढली की ताकद घटते, आपल्या जांभ्या चिऱ्यासारखंच. हाडाच्या खड्ड्यात लगदा करून भरायचं सिमेंटही असतं, त्याचं घोडं तिथेच अडतं. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत कॅल्शियम फॉस्फेट सिमेंटवर काम झालंय.

दाणे गायीच्या हाडापासूनचेही असतात हो, विचारून घ्या. आणि तंबाखू असेल तर आधी ती सोडा.

नारळीपाक, वेंगुर्ला:
किनाऱ्यावरचा फेस घरी कुटून हिरडीत भरू नका म्हणजे झालं!

माकुलवाला:
गायीचं? आईला कळलं तर उंबऱ्यातच अडवेल. सोमवारी कुपीवरचं लेबल वाचूनच खुर्चीत बसतो.