विंडोज ९८ वाल्या पीसीतला डेटा नव्या लॅपटॉपवर कसा न्यावा? बजेट ५००

कपाशी_दारव्हा: नमस्कार मंडळी. दारव्ह्याजवळ आमचं कृषी केंद्र आहे. काकांची बियाण्या-खताची सगळी उधारी विंडोज ९८ सेकंड एडिशनच्या पीसीत, डॉसच्या फॉक्सप्रोत (नोंदी ठेवायचा जुना प्रोग्राम). श्रीलिपीतली (जुने मराठी फॉन्ट) पत्रंही आहेत. पेनड्राइव्ह लावला की ड्रायव्हर मागतो. सीडी ड्राइव्ह वाचतो, पण राइट करत नाही. फ्लॉप्यांना बुरशी लागली. नवा लॅपटॉप विंडोज ११ चा. मृग लागायच्या आत उरकायचं आहे. पाचशेच्या वर काका एक रुपया सोडणार नाहीत.

बर्डीवरचा: पाचशेत काय होते भौ? नागपूरले या, रिकव्हरीवाल्याकडे द्या. माझ्या लग्नाचा व्हिडिओ उडाला होता. सात हजार घेतले, पण काढून दिला. जेवणाच्या पंगतीपर्यंतचा तरी.

टॅलीमास्तर: अजूनही फॉक्सप्रो? आम्ही कधीचे टॅलीवर आहोत. जीएसटी आला तेव्हा तुम्ही काय केलं?

कपाशी_दारव्हा: जीएसटी सीए बघतात. प्रश्न डेटाचा आहे.

सोल्डर_गन: रिकव्हरी कायले? डिस्क तर जिवंत आहे. पीसी बंद करून काढा. मागे ४० पिनांची रुंद पट्टी म्हणजे आयडीई, जुन्या जोडणीची डिस्क. ती लॅपटॉपले जोडायला यूएसबी कन्व्हर्टर घ्या, मले साडेसहाशेला पडला. सोबत १२ व्होल्टचा अडॅप्टर आहे ना ते पाहून घ्या, साडेतीन इंची डिस्क नुसत्या यूएसबीवर फिरत नाही. डिस्कच्या मागची जंपरची छोटी टोपी मास्टरवर ठेवा. डिस्कवरच्या फाइलींची मांडणी फॅट३२ असेल, ती विंडोज ११ वाचते. 'फॉरमॅट करायचं का' विचारलं तर नाही म्हणा बाप्पा.

संत्रा_वरुड: कन्व्हर्टरच घ्या. मी स्वस्तातला घेतला, अडॅप्टर नव्हता. डिस्क नुसती टिकटिक करे. दुकानदार म्हणे डिस्क गेली, नवी घ्या. दुसऱ्याचा अडॅप्टर लावला तर सुरू!

टॅलीमास्तर: म्हणूनच म्हणतो, सगळं टॅलीत घ्या.

बर्डीवरचा: आधी सीपीयू उघडून धूळ झटका. यवतमाळच्या उन्हात पंखा जाम झाला की मशीन बसते. ब्लोअर मारा.

सोल्डर_गन: ब्लोअरनं पंखा गरगर फिरवू नका, काडी अडकवून धरा.

बर्डीवरचा: आमच्या इथं फवारणीच्या पंपानं उडवतात, काही होत नाही.

पुसदचा_मास्तर: कोणी प्रश्न वाचला का? सीडी ड्राइव्ह वाचतो म्हणतात ना. ९८ सेकंड एडिशनसाठी पेनड्राइव्हचा सर्वसाधारण ड्रायव्हर नेटवर फुकट मिळतो. दुसऱ्या मशीनवर सीडीत टाका, इथं इन्स्टॉल करा, रीस्टार्ट. जुना छोटा, फॅट३२ केलेला पेनड्राइव्ह लावा. खर्च एका सीडीचा.
मग अख्खा फोल्डर उचला. नुसत्या .डीबीएफ (फॉक्सप्रोच्या नोंदींच्या फाइली) नेल्या तर मेमो, म्हणजे लांब टिपा, मागे राहतो, तो .एफपीटीत असतो. डीबीएफ लिबरऑफिस कॅल्कमध्ये उघडते. फॉक्सप्रोचा प्रोग्राम विंडोज ११ सारख्या ६४-बिट विंडोजवर चालणार नाही, डॉसबॉक्समध्ये (जुने डॉस प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअर) करून पाहा. लॅपटॉपवर श्रीलिपीचा फॉन्ट नसेल तर पत्रांत गिचमिड दिसेल. घाबरू नका, मजकूर शाबूत असतो. युनिकोड, म्हणजे आजच्या सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांत, करताना रफार अन् जोडाक्षरं मात्र डोळ्यांनी तपासा.

संत्रा_वरुड: बरोबर, पण अडॅप्टरवाला कन्व्हर्टरच बरा.

टॅलीमास्तर: डॉसबॉक्स म्हणजे पुन्हा जुनंच.

कपाशी_दारव्हा: सगळ्यांचे आभार. पुसदच्या मास्तरांची सीडी करणार होतो, पण काका ड्रायव्हर टाकू देईनात, "चालत्या मशीनले हात लावू नको." त्यांना फक्त थकबाकी हवी होती. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरची रिबन बदलली, गावनिहाय यादी छापली, भाचा एक्सेलमध्ये टाइप करतोय. ज्यांनी पैसे दिले त्यांची नावं नकोतच म्हणाले. बजेटमध्ये बसलं.

पुसदचा_मास्तर: अन् पत्रं? डिस्क एक दिवस बसेलच.

कपाशी_दारव्हा: पत्रं दिवाळीनंतर पाहू सर.

संत्रा_वरुड: रिबन कोठी भेटली? माह्या प्रिंटरची भेटूनच नाही रायली.