जन्मतः अन्ननलिकेची शस्त्रक्रिया झालेल्या मुलासाठी दुर्बिणीतून फंडोप्लिकेशन : अनुभवी पालकांची व डॉक्टरांची मदत हवी आहे

सर्वांना नमस्कार. आम्ही नाशिकला इंदिरानगर भागात राहतो. माझा मुलगा सहा वर्षांचा असून यंदा पहिलीत गेला आहे. जन्माच्या वेळी त्याच्या अन्ननलिकेचा वरचा भाग मध्येच बंद झालेला होता आणि खालचा भाग श्वासनलिकेला जोडलेला होता. डॉक्टर ज्याला टीईएफ म्हणतात, तो हा दोष साधारण ३००० ते ४५०० जन्मांमागे एका बाळात आढळतो. जन्मानंतर लगेच छातीतून शस्त्रक्रिया करून दोन्ही टोके जोडण्यात आली. मूल वाचले ते त्या शस्त्रक्रियेमुळेच, आणि त्या डॉक्टरांचे ऋण आम्ही कधीही विसरणार नाही.

मात्र त्याच्या पोटातले अन्न आणि आम्ल सतत वर येते. रात्री आडवा झाला की खोकला सुरू होतो, जेवताना ठसका लागतो, न्यूमोनिया पुन्हा पुन्हा होतो आणि अन्ननलिका जिथे जोडली होती ती जागा अरुंद होत राहते, त्यामुळे भूल देऊन ती फुग्याने रुंद करून घ्यावी लागते. त्याला इसोमेप्राझोल दीर्घकाळ सुरू आहे. या औषधाने आम्ल कमी होते, पण वर येणारा प्रवाह थांबत नाही, हे डॉक्टरांनी समजावून सांगितले आहे. आणि फुप्फुसांना त्रास द्यायला ते द्रव्य आंबटच असले पाहिजे असे नाही. म्हणूनच आता शस्त्रक्रियेचा विषय निघाला आहे.

तान्ह्या बाळांच्या आईवडिलांनी हे वाचून घाबरून जाऊ नये, अशी विनंती. दूध ओकणे तान्ह्या वयात अगदी सामान्य असते, चौथ्या महिन्याच्या सुमारास ते सर्वांत जास्त असते आणि बहुतेक बाळांमध्ये वर्ष-दीड वर्षात आपोआप थांबते. वजन नीट वाढत असेल तर शस्त्रक्रियेचा प्रश्नच येत नाही. आमच्या मुलाची गोष्ट त्याच्या मूळ दोषामुळे वेगळी आहे.

सुचवलेली शस्त्रक्रिया, म्हणजे फंडोप्लिकेशन, अशी : पोटावर छोटी छिद्रे पाडून, आत कार्बन डायऑक्साइड वायू भरून, दुर्बिणीच्या साहाय्याने जठराचा वरचा भाग अन्ननलिकेच्या खालच्या टोकाभोवती गुंडाळून टाके घालायचे, म्हणजे तिथे झडपेसारखा दाब तयार होतो. अन्ननलिका श्वासपटलातून ज्या छिद्राने खाली उतरते ते सैल असेल तर तेही टाक्यांनी आवळतात. ही पद्धत रुडॉल्फ निसेन यांनी १९५६ साली प्रसिद्ध केली आणि १९९१ पासून ती प्रौढांमध्ये, तर त्यानंतर लवकरच लहान मुलांमध्येही, दुर्बिणीतून होऊ लागली. पोट उघडण्यापेक्षा यात वेदना कमी असतात आणि मूल लवकर घरी येते, याबद्दल आमच्या मनात शंका नाही.

शंका आहे ती गुंडाळी किती घालावी याची. नाशिकमधील बालशल्यचिकित्सकांनी पूर्ण, म्हणजे ३६० अंशांची गुंडाळी सुचवली आहे. मुंबईत दुसरे मत घेतले, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी अर्धवट गुंडाळीचा विचार करावा असे सांगितले. ती मागच्या बाजूने घालतात तिला टूपे आणि पुढच्या बाजूने घालतात तिला थाल म्हणतात. त्यांचे म्हणणे असे की, टीईएफच्या मुलांच्या अन्ननलिकेचे आकुंचन मुळातच दुबळे असते. अन्न बऱ्याच अंशी स्वतःच्या वजनाने खाली उतरते, आणि अशा नलिकेच्या तोंडाशी घट्ट वेढा बसला तर अन्न वर येणे थांबेल, पण गिळलेले खालीही जाणार नाही. उलट सैल गुंडाळी घातली तर ती पुरेशी पडेल का, आणि काही वर्षांनी पुन्हा तेच सुरू झाल्यास दुसरी शस्त्रक्रिया करावी लागेल का, ही भीती राहते. दोन्ही डॉक्टर अनुभवी आहेत आणि दोघांचेही म्हणणे पटते. त्यामुळे ज्यांच्या टीईएफ झालेल्या मुलावर ही शस्त्रक्रिया झाली आहे त्यांनी गुंडाळी पूर्ण होती की अर्धवट, आणि नंतर मूल कसे गिळू लागले, हे कृपया सविस्तर लिहावे. साध्या आम्लपित्तासाठी केलेल्या शस्त्रक्रियेचे अनुभवही मोलाचे आहेत, पण ते वेगळे असल्याचे नमूद करावे.

निर्णयाआधी कोणत्या तपासण्या झाल्याच पाहिजेत, हेही विचारायचे आहे. बेरियमचा एक्स-रे झाला आहे. नाकातून बारीक नळी घालून पोटातले द्रव्य किती वेळा वर येते आणि ते आंबट आहे का, हे चोवीस तास मोजतात ती पीएच-इम्पिडन्स तपासणी मुंबईत करून घ्यायला सांगितले आहे. शिवाय खोकल्याचे कारण दुसरेच नाही ना, हे पाहण्यासाठी, म्हणजे श्वासनलिकेशी असलेला जुना मार्ग पुन्हा उघडलेला नाही ना यासाठी ब्रॉन्कोस्कोपी (श्वासनलिकेत दुर्बीण घालून तपासणी), आणि इओसिनोफिलिक दाह (अ‍ॅलर्जीसारख्या प्रतिक्रियेतून अन्ननलिकेला येणारी सूज) नाही ना यासाठी एंडोस्कोपीतून तुकडा घेऊन तपासणी, असे मुंबईच्या डॉक्टरांनी सुचवले. मला हे फार महत्त्वाचे वाटते, कारण त्यांपैकी काही निघाले तर गुंडाळी घालूनही खोकला तसाच राहील. सहा वर्षांच्या मुलाने ती नाकातली नळी दिवसभर कशी सहन केली, त्याला तुम्ही आधी काय सांगितले होते, हे कोणी लिहिले तर मोठी मदत होईल.

शस्त्रक्रिया नाशिकला करावी की मुंबईला, यावर घरात एकमत नाही. माझ्या मते शस्त्रक्रियेइतकेच नंतरचे महिने महत्त्वाचे आहेत. रात्री घास अडकला किंवा पोट फुगून मूल कळवळू लागले, तर कसारा घाट उतरून मुंबई गाठेपर्यंत जाणारे तास मला परवडणारे वाटत नाहीत. दुसऱ्या बाजूला, टीईएफच्या मुलांवर नेहमी काम करणारे हात हवेत, हे सासऱ्यांचे म्हणणेही खोडता येत नाही. मुंबईत शस्त्रक्रिया करून पुढची देखरेख नाशिकच्या डॉक्टरांकडे ठेवली, असे कोणी केले आहे का? महात्मा जोतिबा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. या शस्त्रक्रियेला त्यातून मंजुरी मिळाली असल्यास कोणती कागदपत्रे लागली, तेही सांगावे.

शेवटी जेवणाबद्दल. पहिले काही आठवडे पातळ आणि मऊ अन्न द्यायचे, एवढे कळले आहे. पेज, वरण, गुरगुट्या भात, रव्याची खीर हे ठीक. पण पोळी-भाकरीवर मूल कधी आले, आणि शाळेच्या डब्यात तुम्ही काय देत होता? गुंडाळीनंतर ढेकर देणे आणि उलटी होणे अवघड होते असे म्हणतात. मग मुलाचे पोट बिघडले किंवा वायू धरला तर घरी काय करायचे आणि कोणत्या लक्षणांवर थेट रुग्णालयात न्यायचे, हे तुमच्या डॉक्टरांनी कसे सांगितले होते?

ओवा, आले, शहाळे यांचे सल्ले आपुलकीने दिले जातात हे मी जाणते, परंतु या मुलाला कोणताही घरगुती उपाय डॉक्टरांना विचारल्याशिवाय देता येत नाही, म्हणून ते येथे सुचवू नयेत. डॉक्टरांची नावे कळवायची असल्यास कृपया व्यक्तिगत निरोपातून कळवावीत. इम्पिडन्स तपासणीचा अहवाल आला की त्यातील निष्कर्ष मी याच धाग्यात लिहीन.