मदत हवी आहे: रान राखल्याबद्दल शेतकऱ्याला पैसे देणारी योजना कुठली?

वरकसवाला:
लाकडाचा ठेकेदार रोज फोन करतोय, भाऊबंदांना दसऱ्याआधी उत्तर हवंय. मला रान तोडायला द्यायचं नाही. पण 'फुकट राखा' असं कुठल्या तोंडाने सांगू? पऱ्या (ओढा) तिथूनच निघतो, बेहड्याची जुनी झाडं आहेत, धनेश पक्षी येतात. स्वतःहून असं क्षेत्र राखलं तर पैसे मिळतात असं ऐकलं. योजनेचं नाव आणि अर्ज कुठे करायचा, एवढंच सांगा. 'निसर्ग वाचवा' छाप प्रतिसाद नकोत.

आबा_देवरूखकर:
अहो, गाव नाही तर निदान तालुका सांगा! क्षेत्र किती? सातबारा कुणाच्या नावावर? तोडीची परवानगी झाली की नुसतीच बोलणी?

काजूगर:
सरळ काजू लावा. भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत अनुदान आहे. वेंगुर्ला ४ किंवा ७ या जाती लावा, चौथ्या वर्षी बी हातात. माझी बाग बघायला या.

रानमेवा:
@काजूगर, तो रान राखायचं म्हणतोय आणि तुम्ही रान साफ करायची योजना सांगताय.

काजूगर:
काजू काय झाड नाही? राखून पोट भरत असतं तर मी पण राखलं असतं.

वरकसवाला:
संगमेश्वर तालुका. नऊ एकरांच्या आसपास, सगळं वरकस, म्हणजे भात न होणारी डोंगरउताराची जमीन. खातं सामाईक. याने काय फरक पडतो?

मध्यपश्चिम:
मी अमेरिकेत, आयोवात असतो. इथे १९८५च्या शेती कायद्यापासून सीआरपी ही जमीन राखण्याची सरकारी योजना आहे. ओढ्याकाठची, धूप होणारी जमीन शेतकरी आपणहून १० ते १५ वर्षं पिकाखालून काढतो, गवत किंवा झाडं ठेवतो आणि सरकार दरवर्षी भाडं देतं. जबरदस्ती नाही. धान्याला भाव आला की मात्र करार संपल्यावर पुन्हा नांगर घालणारेही पुष्कळ. तुम्ही कृषी खात्याकडे अशी मागणी का करत नाही?

वरकसवाला:
@मध्यपश्चिम छान. आयोवात अर्ज करू का?

सातबारा_बारा:
दरवर्षी भाडं देणारी सरकारी योजना आपल्याकडे खासगी रानासाठी मी तरी पाहिलेली नाही. वन्यजीव कायद्यात २००२च्या दुरुस्तीने ३६ सी कलम आलं. मालक स्वतःहून तयार असेल तर खासगी जमीनही सामुदायिक राखीव (वन्यजीवांसाठी राखलेलं क्षेत्र) जाहीर होते. पण त्या कलमात मोबदला नाही, आणि पुढे जमिनीचा वापर बदलायचा तर व्यवस्थापन समितीचा ठराव आणि राज्य सरकारची मंजुरी लागते. चुलतभाऊ सही करतील?
संगमेश्वर म्हणालात म्हणून सांगतो, पुण्याची एईआरएफ ही संस्था तुमच्याच भागात मालकांशी संवर्धनाचे करार करते. ठरलेली वर्षं तोड नाही, बदल्यात मोबदला. शिवाय फेअरवाइल्ड (रानातला माल झाडाला धक्का न लावता गोळा केल्याचं) प्रमाणपत्राखाली बेहड्याची फळं चांगल्या दराने विकली जातात. धनेशाची ढोली जुन्या बेहड्यात असते, त्यामुळे झाड उभं ठेवून फळ विकण्यात दोघांचंही भागतं. सामाईक खात्यावर एकाच्या सहीने करार होत नाही, म्हणून सगळे विचारतायत.

हरितधन:
कार्बन क्रेडिट!! झाडांनी शोषलेल्या कार्बनचे पैसे, घरबसल्या डॉलरमध्ये उत्पन्न. व्यनि करा.

रानमेवा:
नऊ एकरांच्या पडताळणीचा खर्चच क्रेडिटपेक्षा जास्त होईल. आणि आगाऊ नोंदणी फी मागितली तर पळा.

आबा_देवरूखकर:
मुळात पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचा २०२४चा मसुदा लागू झाला की कुऱ्हाडच चालणार नाही. मग कसले पैसे?

सातबारा_बारा:
आबा, तो मसुदा खाणी, औष्णिक वीज, लाल यादीतले (जास्त प्रदूषण करणारे) उद्योग, मोठी बांधकामं यांच्यावर आहे. शेती-बागायतीवर बंदी नाही. तोडीला १९६४चा झाडतोड कायदा आहेच. आणि बंदी आली की लोक आधीच झाडं पाडून मोकळे होतात, म्हणून तर आपखुशीचा करार बरा.

आबा_देवरूखकर:
लोकांना अधिकारी असं सांगत नाहीत हो.

घाटमाथा:
रान राखलं की वानर येणार, त्यांचं काय? आमच्याकडे नारळ राहिला नाही. यावर कोणी धागा काढेल का?

सातबारा_बारा:
@वरकसवाला, सातबाऱ्यावर 'इतर हक्क' या रकान्यात काय लिहिलंय?

वरकसवाला:
'खाजगी वन, कलम ३५(३)' असं काहीतरी आहे. जुनंच आहे ते, कुणी विचारत नाही.

सातबारा_बारा:
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं! ३५(३) म्हणजे १९२७च्या भारतीय वन कायद्याखालची, रान खासगी वन ठरवण्याआधीची नोटीस. १९७५च्या खासगी वने संपादन कायद्याने अशी वनं ३० ऑगस्ट १९७५ला सरकारजमा झाली. त्या दिवशी मालकाची एकूण जमीन १२ हेक्टरपर्यंत असेल तर त्याच कायद्याच्या कलम २२अ खाली परत मिळण्याची तरतूद आहे. ३५(३)ची नुसती नोटीस काढली, बजावलीच नाही, तर जमीन सरकारजमा धरता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली गोदरेजच्या खटल्यात सांगितलं. म्हणजे आधी जमीन तुमची आहे का, हे बघा. करार आणि तोड दोन्ही त्यावर अडलंय. आजोबांची तेव्हा एकूण जमीन किती होती?

वरकसवाला:
आजोबांच्या जमिनीचा हिशोब आजोबांनाच ठाऊक. पैसे कोण देतं ते विचारलं होतं, इथे वकिली सुरू झाली.

सातबारा_बारा:
जमीन कुणाची हे ठरल्याशिवाय कुठलीही संस्था करार करणार नाही. तलाठ्याकडून जुने फेरफार काढा, २२अ चा आदेश झाला होता का ते बघा. तोवर ठेकेदाराचा विसार (आगाऊ रक्कम) घेऊ नका.

वरकसवाला:
धाकट्या चुलतभावाने घेतलाय.

आबा_देवरूखकर:
किती? आणि कागद केलाय की तोंडी?